ख्रिश्चनमागून फ्रेडरिक, फ्रेडरिकमागून ख्रिश्चन: डेन्मार्कच्या राजांच्या मागावर

रोझेनबोर्ग किल्ल्यातल्या चौथ्या-पाचव्या दालनात बाबांनी वही मिटली. "अगं, हा फ्रेडरिक मघाचाच की त्याचा नातू?" मला तरी कुठे ठाऊक होतं! कोपनहेगनला उतरून जेमतेम चार तास झाले होते, डोळ्यांवर झोप होती आणि भिंतीवरचे सगळे राजे एकाच घडणीचे, केसांचे टोप घातलेले. बाबांनी बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. सनावळी चुकली की त्यांना जेवण गोड लागत नाही. त्या संध्याकाळी हॉटेलात ते खरोखरच अर्धपोटी झोपले.

चूक आमचीच होती. कोपनहेगनहून सुरुवात करायचीच नाही. आधी येलिंगच्या शिळा, मग रोस्किल्डची राजांची थडगी, आणि रोझेनबोर्ग सगळ्यात शेवटी. आम्ही हे शिकलो ते रोझेनबोर्गचं तिकीट दोनदा काढून.

आधी नावांचा गुंता. १५१३ मध्ये ख्रिश्चन दुसरा गादीवर आला, तेव्हापासून १९७२ पर्यंत ख्रिश्चन आणि फ्रेडरिक आलटून पालटून. आधीच्या राजाचं नाव होतं हान्स, आणि त्याच्यानंतर दुसरं नावच नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारीला बाबांनी स्वतःच कोडं सोडवलं: "अगं, आजोबांचं नाव नातवाला! आपल्याकडे तेच तर करतात." काही ठिकाणी मधे काका-पुतणे येतात, एकदा घराण्याची शाखाही बदलते, पण लक्षात ठेवायला ही युक्ती पुरते. साखळी तुटली ती फ्रेडरिक नववा याला तीन मुलीच झाल्या म्हणून. १९५३ मध्ये सार्वमत घेऊन मुलींना वारसा खुला केला आणि १९७२ मध्ये थोरली मार्गारेट दुसरी गादीवर आली. तिने १४ जानेवारी २०२४ रोजी आपणहून गादी सोडली. डेन्मार्कमध्ये असं याआधी घडलं होतं ते ११४६ मध्ये. आता तिचा मुलगा फ्रेडरिक दहावा राजा आहे आणि त्याच्या मुलाचं नाव... ओळखलंत ना?

येलिंग हे युटलंडमधलं गाव. स्पेलिंग बघून आपण 'जेलिंग' म्हणतो, तिथे कोणाला ते कळत नाही. कोपनहेगनहून वायलेपर्यंत मोठी गाडी, सव्वादोन-अडीच तास, आणि तिथून येलिंगला छोटी गाडी, पाव तासाच्या आसपास. दोन गोष्टी सांभाळा. एक, या मार्गावरच्या काही गाड्या फ्रेडेरित्सियाला दुभंगतात, अर्धे डबे एकीकडे आणि अर्धे दुसरीकडे. तेव्हा डब्यावरच्या पाटीवर आपलं गाव आहे ना, ते बघूनच चढा. दुसरं, 'स्टिलेझोन' लिहिलेल्या डब्यात बोलायचं नसतं. आम्ही नेमके तिथेच बसलो आणि नेमका तेव्हाच आत्याचा व्हिडिओ कॉल आला. समोरच्या बाई काही बोलल्या नाहीत, फक्त काचेवरच्या स्टिकरवर बोट ठेवून हसल्या. वायलेपर्यंत बाबा खाणाखुणांनी बोलत होते. तिकिटं आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात.

स्टेशनपासून चर्च चालत पाच-सात मिनिटं. पांढरंशुभ्र लहानसं चर्च, दोन्ही बाजूंना गवताने झाकलेले दोन टेकाड, आणि चर्चच्या दारासमोर काचेच्या पेट्यांत दोन शिळा. लहान शिळा गोर्म राजाने बायको थ्यूरासाठी उभारली. मोठी त्यांच्या मुलाची, हराल्ड ब्लूटूथची, साधारण ९६५ ची, उंची अडीच मीटरच्या आसपास. तिच्यावर रुनी या जुन्या नॉर्डिक लिपीत कोरलंय की हराल्डने ही स्मारकं बाप गोर्म आणि आई थ्यूरा यांच्यासाठी केली, त्याच हराल्डने, ज्याने सारा डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकला आणि डेन लोकांना ख्रिस्ती केलं. आईबापांच्या स्मारकावर स्वतःचीच कर्तबगारी! बाबा म्हणाले, "कोनशिलेवर उद्घाटकाचं नाव मोठं असतं ना, तसं."

लेखाच्या बाजूला वेलींत गुरफटलेला ख्रिस्त कोरलाय. हेच चित्र डॅनिश पासपोर्टच्या आतल्या पानावर असतं. मोबाइलमधलं ब्लूटूथ याच राजाच्या नावाचं, आणि ते निळं चिन्ह म्हणजे त्याच्या नावाची दोन रुनी आद्याक्षरं एकमेकांत गुंतवलेली. हे सांगितल्यावर बाबांनी खिशातून फोन काढून शिळेशेजारी धरला. काच आहे, उन्हात फोटोत आपलंच तोंड दिसतं, तेव्हा तिरकं उभं राहा. या पेट्या २०११ मध्ये बसवल्या. त्याच वर्षी कोणीतरी शिळेवर स्प्रेने रंग फासला होता.

टेकाडांवर चढता येतं. उत्तरेकडच्या टेकाडात लाकडी दफनकक्ष निघाला, पण रिकामा. दक्षिणेकडच्यात काहीच नाही. समोर राष्ट्रीय संग्रहालयाचं दालन आहे, प्रवेश फुकट, गच्चीवरून सगळा परिसर दिसतो. खालून कळत नाही, पण दोन्ही टेकाडांना घेरणारं लाकडी कुंपण केवढं होतं हे वरून पांढऱ्या खांबांच्या रांगेमुळे उमगतं, घेर सुमारे १.४ किलोमीटर. खाण्याची सोय बरोबर ठेवा, गाव लहान आहे. आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी टेकाडाच्या पायथ्याशी बाकावर बसून खाल्ली. वारा मात्र सप्टेंबरातही कान बधिर करणारा.

रोस्किल्डला अख्खा दिवस द्या. गाडीत घोषणा 'रोस्किले' अशी ऐकू येते, कोपनहेगनहून पंचवीस मिनिटं. विटांचं हे कॅथेड्रल बाराव्या शतकात बांधायला घेतलं आणि आत चाळीसच्या आसपास राजे-राण्या पुरलेल्या आहेत. ख्रिश्चन तिसऱ्यापासूनचे सगळे राजे ओळीने इथेच. ख्रिश्चन दुसरा आणि फ्रेडरिक पहिला मात्र इथे नाहीत, आम्ही शोधत बसलो होतो म्हणून सांगते. ख्रिश्चन ओडेन्सला, फ्रेडरिक श्लेस्विगला, जे आज जर्मनीत आहे.

मुख्य वेदीच्या मागे आधी मार्गारेट पहिलीपाशी जा. तिने १३९७ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन एका राजाखाली आणले, काल्मार संघ म्हणतात तो. राजा तिचा भाचेनातू एरिक, पण कारभार ती १४१२ मध्ये मरेपर्यंत तिच्याच हाती. थडग्यावरच्या पुतळ्याचा चेहरा कोवळ्या मुलीचा आहे. बाबा बराच वेळ तिथे उभे होते. मग हळूच म्हणाले, "ताराबाई."

तिथेच जवळ फ्रेडरिक चौथा आहे, आणि त्याच्यापाशी मराठी माणसाने मिनिटभर थांबायला हरकत नाही. याने १७०६ मध्ये तरंगंबाडीला धर्मप्रचारक पाठवले. तमिळ किनाऱ्यावरची ही वखार १६२० पासून डेन लोकांची. जागा तंजावरच्या नायकांकडून मिळालेली, आणि पुढे तंजावरात भोसले आले तेव्हा डेन त्यांना वार्षिक खंडणी भरत. त्याच मिशनमधून १७५० मध्ये आलेला श्वार्ट्झ हा पुढे सरफोजी राजे दुसरे यांचा गुरू झाला. सरस्वती महाल ग्रंथालय नावारूपाला आणणाऱ्या राजाच्या शिक्षणाचा एक धागा इथल्या शवपेटीपर्यंत येतो, हे बाबांना माहीत होतं, मला नाही.

ख्रिश्चन पहिल्याच्या चॅपलमध्ये मधोमध एक दगडी खांब आहे, त्यावर राजांच्या उंचीच्या खुणा. ख्रिश्चन पहिल्याची खूण २१९ सेंटिमीटरवर! हाडांवरून मात्र तो १८८ च्या आसपास भरतो. रशियाच्या पीटर द ग्रेटचीही खूण आहे. ख्रिश्चन सातव्याची शवपेटी बघताना त्याची राणी कॅरोलिन माटिल्डे शेजारी शोधू नका. राजा मनाने आजारी, कारभार त्याचा वैद्य श्ट्रुएन्झे याच्या हातात गेला, राणीचे त्याच्याशी संबंध जुळले. १७७२ मध्ये वैद्याचं शिर उडवलं आणि राणीला देशाबाहेर काढलं. ती तेविसाव्या वर्षी जर्मनीतल्या सेलेला वारली, पुरली आहे तिथेच. मार्गारेट दुसरीची पेटी तर आत्ताच तयार आहे, काचेची, चांदीच्या हत्तींची तोंडं असलेल्या खांबांवर. पण ती झाकलेली असते, छोटी प्रतिकृती बघायला मिळते.

तास व्हायच्या आधी पाच मिनिटं पश्चिमेकडच्या घड्याळाखाली उभे राहा. ठोका पडायच्या वेळी घोड्यावरचा संत जॉर्ज ड्रॅगनला मारतो आणि ड्रॅगन किंचाळतो, साधारण भात्यातली हवा निसटावी तसा. शेजारी दोन लाकडी बाहुल्या घंटा वाजवतात. लग्न, प्रार्थना किंवा अंत्यविधी असला की कॅथेड्रल पर्यटकांना बंद असतं, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक बघा. आम्ही न बघता गेलो आणि दीड तास खाली फ्योर्डच्या काठी बदकं मोजत बसलो.

शेवटच्या दिवशी पुन्हा रोझेनबोर्ग. या खेपेला बाबा पुढे आणि मी मागे. हा वाडा ख्रिश्चन चौथ्याने १६०६ पासून बांधला, आणि १६४८ मध्ये तो मेलाही इथेच. साठ वर्षांना थोडी कमी एवढी राजवट, डेन्मार्कमधली सगळ्यात लांब. तरंगंबाडीची मोहीमही याच्याच काळातली. एका कपाटात त्याचे १६४४ च्या आरमारी लढाईतले कपडे आहेत, कॉलरवर रक्ताचे तपकिरी डाग अजून. त्या लढाईत त्याचा उजवा डोळा गेला. जखमेतून काढलेले धातूचे तुकडे त्याने सोन्यात मढवून आपल्या ठेवलेल्या बाईला कानांतले म्हणून दिले, तेही ठेवलेत. पहिल्या दिवशी मी याच कपाटासमोरून जांभई देत गेले होते.

मुकुट तळघरातल्या खजिन्यात आहेत. ख्रिश्चन चौथ्याचा मुकुट वरून उघडा, १५९६ चा. १६७१ चा ख्रिश्चन पाचव्याचा वरून बंद. मधे १६६० मध्ये राजेशाही वंशपरंपरागत आणि अनिर्बंध झाली, तो फरक डोळ्यांनी दिसतो. ही अनिर्बंध सत्ता गेली १८४९ च्या राज्यघटनेने. तिकीट वेळेचं असतं, ऑनलाइन काढा. मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत.

बाकीचं थोडक्यात. हिलेरॉडचा फ्रेडरिक्सबोर्ग किल्ला सुंदर आहे, पण १८५९ च्या आगीनंतर पुन्हा उभारलेला. हेलसिंगोरच्या क्रोनबोर्ग किल्ल्यावर तोफांशेजारी उभं राहून समोरचं स्वीडन बघा, म्हणजे १८५७ पर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून जकात कशी उकळली ते कळेल. कोपनहेगनच्या आमालीएनबोर्ग राजवाड्याची पहारेबदली दुपारी बाराला, पाऊस असेल तर सोडा. दोन-तीन दिवस राहणार असाल तर कोपनहेगन कार्ड घ्या, रोस्किल्डपर्यंतची गाडी त्यात येते, येलिंग नाही. रोख पैसे आम्हाला एकदाही लागले नाहीत.

परतीच्या विमानात बाबांनी वहीत दोन रकाने आखले, डावीकडे ख्रिश्चन, उजवीकडे फ्रेडरिक, आणि न बघता दहाव्यापर्यंत आले. डावीकडे शेवटी एक जागा रिकामी राहिली. तिथे त्यांनी पेन्सिलीने 'अकरावा' लिहिलं. मग मला विचारलं, चेन्नईहून तरंगंबाडीला गाडी मयिलाडुतुरैपर्यंतच जाते ना?