हाराचा स्टँड: तडा का जातो ते सापडलं

ओव्हनचा दोष नाही, साच्याचाही नाही. माल दोन जातींचा आहे!

मागचं रडगाणं वाचलेल्यांना पुन्हा छळत नाही. नव्यांसाठी एवढंच: हार मांडून ठेवायचा स्टँड पट्ट्या तापवून, साच्यावर वाकवून करतोय आणि काही पट्ट्यांना तडे जातात. दुकानाच्या जुन्या काउंटरच्या भंगारातल्या सॉलिड सरफेसच्या (काउंटरला वापरतात तो राळ आणि खनिज भुकटीचा कृत्रिम दगड) पट्ट्या, दिसायला जुळ्या. एक साच्यावर चामड्यासारखी बसते, दुसरी वाकता वाकता तडकन दोन तुकडे. ओटीजीचं (घरगुती छोट्या ओव्हनचं) तापमानाचं बटण किती खोटं बोलतं हे आपल्याला माहीतच आहे, म्हणून आधी थर्मोकपल (तापमान मोजायची तार) आत सोडला. मागचा कोपरा आणि दाराजवळची जागा यांत चांगलाच फरक निघाला. जाळीवर जाड ॲल्युमिनियमचा पत्रा ठेवल्यावर तो बराच आटोक्यात आला. तडे मात्र तसेच.

‘अजून तापव’ हा मिळालेला सल्ला मला पटत नव्हता, आजही नाही. या मालात वजनाने दोन तृतीयांशाच्या आसपास ॲल्युमिना ट्रायहायड्रेट ही खनिज भुकटी असते, बाकी ॲक्रिलिक हे प्लास्टिक. ॲक्रिलिक साधारण 105 अंशांनंतर सैल पडायला लागतं आणि 150 ते 165 मध्ये नीट वाकतं. 200 च्या पुढे ट्रायहायड्रेट स्वतःमधलं पाणी सोडतं, मग फोड येतात. खेळायला जागा एवढीच.

शेवटी नाकाने काम केलं. तुटलेल्या पट्टीची कड पॉलिश पेपरवर घासताना फायबरच्या टाक्या बनवतात तिथला उग्र वास आला. स्टायरिन, पॉलिएस्टर राळेत असतं ते रसायन! म्हणजे ही पट्टी ॲक्रिलिकची नाही, पॉलिएस्टरची. ते एकदा जमलं की कितीही तापवा, ॲक्रिलिकसारखं मऊ होत नाही. (धुळीचा मास्क वास अडवत नाही ते बरंच झालं. पण मास्क काढू नका.) धुळ्याच्या भंगारवाल्याला विचारलं, तर म्हणे, “सारखंच शे ना भाऊ, धवळं ते धवळं!” काउंटरची कधीतरी डागडुजी झाली असणार आणि मिस्त्रीने हाताला लागलं ते बसवलं असणार.

आता प्रत्येक तुकड्याची बोटभर पट्टी आधी ओव्हनमध्ये. 160 ला नीट मुरल्यावर ॲक्रिलिक स्वतःच्या वजनाने लोंबतं, पॉलिएस्टर ताठच राहतं. खुणेला मागे पेन्सिलने ‘वा’ (वाकतं) किंवा ‘ता’ (ताठ).

आणि ‘वा’वाल्या पट्टीने मन भरलं. 12 मिमी जाडी, आतली गोलाई 75 मिमी, त्याखाली मी जात नाही. साचाही गरम करून घेतला, त्यामुळे बाहेरच्या अंगाला तो पांढुरका पट्टा आला नाही. तो थंड पडलेला भाग ताणल्यावरच येतो. क्लॅम्प मात्र लवकर सोडायचा नाही. मे महिन्यात जळगावात साचा निवेपर्यंत माणूस उकडून निघतो. सराफ बाजारातल्या ओळखीच्या काकांनी स्टँडवरून हात फिरवला आणि जोडी मागितली.

मालाबद्दल एक सांगतो. भंगारापेक्षा काउंटर बनवणाऱ्या फॅब्रिकेटरकडचे सिंकचे कटआउट (सिंकसाठी कापून काढलेले तुकडे) घ्या, एकाच शीटचे असतात आणि बरेचदा चहावर मिळतात. लोकल ट्रिमर बिट (कडा तासायच्या यंत्राचं पातं) घेऊच नका, कार्बाइडचं एकच चांगलं घ्या. क्वार्ट्झचे (काउंटरचा दुसरा कृत्रिम दगड) तुकडे फुकट मिळाले तरी माझ्याकडे नकोत. त्यात 90 टक्क्यांपर्यंत सिलिका असू शकते आणि कापताना उडणाऱ्या धुळीने सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदीच घातली.

पुढे टेबल-लॅम्पची कमान करणार होतो. पण ‘ता’ची थप्पी बघून लिहिता लिहिताच दुसरं सुचलं: वाकत नाही तर न वाको, त्याच्या सोंगट्या करू! चौपटाला सोळा लागतात. चार रंगांपैकी पांढरा घरचाच. काळा घ्यायला मन धजत नाही, त्यावर 600 चा पेपर मारला तरी ओरखडे दिसतात. लाल, हिरवा आणि पिवळा कटआउट कुणाकडे पडून असेल तर कळवा, बदल्यात ‘वा’ देतो. लॅम्प पावसाळ्यात बघू.