तू बोल, मी ऐकतो

आज संध्याकाळी माझ्या नव्या, लहान फोनवर ताईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा अप्पा नेहमीप्रमाणे खुर्ची ओढून माझ्या शेजारी आले, त्यांनी चष्मा पुसला, थोडे पुढे वाकले, पुन्हा मागे झाले आणि म्हणाले, "तू बोल, मी ऐकतो." एवढेच. आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता. कॉल संपेपर्यंत ते तिथेच बसून होते आणि ताईने जे जे विचारले त्याची त्यांनी नीट उत्तरेही दिली. पण त्यांची नजर समोरच्या भिंतीवर होती. जेवणे झाली, ओटा आवरला, दूध विरजले, तरी ते चार शब्द मनातून जायला तयार नाहीत, म्हणून ही वही उघडली आहे.

नव्या फोनबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच लिहून ठेवते. तो गरजेपोटी घेतला आणि घेतल्यावर मनापासून आवडला. जुना एमआय मॅक्स 2 हा 2017 साली आपल्याकडे आलेला फोन; 6.44 इंचांचा पडदा, 211 ग्रॅम वजन आणि जवळजवळ 89 मिलिमीटर रुंदी. नव्याचा पडदा 6.1 इंचांचा, वजन 168 ग्रॅम, रुंदी 71 मिलिमीटर. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण हाताला तो पहिल्या दिवशीच कळला. अंगठा पडद्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत सहज पोचतो. बसमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने निरोपाला उत्तर देता येते. फोन कुर्त्याच्या खिशातून अर्धा बाहेर डोकावत नाही. भर उन्हात पडद्यावरचे वाचायला ओढणीची सावली धरावी लागत नाही. जुन्याची 5300 एमएएचची बॅटरी दोन दिवस पुरत असे आणि नव्याला रोज रात्री चार्जिंगला लावावे लागते, पण तेवढे मी आनंदाने करते.

गरज म्हणते ती अंगठ्याची. डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बुडाशी जी कळ यायची, ती आधी मी कणीक मळण्यावर ढकलली, मग पिशव्या उचलण्यावर. शेवटी डॉक्टरांनी अंगठा मुठीत दुमडायला सांगितला आणि तशीच मूठ करंगळीच्या दिशेने खाली झुकवली, तेव्हा माझ्या तोंडून "आई गं" इतक्या जोरात निघाले की बाहेर बसलेल्या बाई आत डोकावल्या. डॉक्टरांनी कागदावर डी क्वेर्व्हेन असे नाव लिहिले. हे एका स्विस शल्यविशारदाचे नाव, त्याने 1895 मध्ये या दुखण्याचे वर्णन केले, असे त्यांनीच सांगितले. अंगठ्याचे दोन स्नायुबंध मनगटाजवळ एकाच अरुंद आवरणातून जातात, ते आवरण जाड झाले की प्रत्येक हालचालीला घासते. अंगठ्याला आधार देणारा पट्टा देताना त्यांनी विचारले, "फोन केवढा आहे तुमचा?" मी पर्समधून काढून दाखवला. त्यांनी तो आपल्या हातात तोलून पाहिला आणि काही न बोलता परत दिला.

म्हणून लहान फोन शोधायला निघाले, तर लहान फोन मिळेना. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, लहान म्हणजे आता हाच. याच्याखाली कोणी मागतच नाही." त्याचे म्हणणे अगदी चूक नसावे. 2007 मध्ये पहिला आयफोन आला तेव्हा त्याचा पडदा साडेतीन इंचांचा होता. 2011 मध्ये 5.3 इंचांचा गॅलेक्सी नोट आला, तेव्हा एवढे धूड कानाला कोण लावणार असा प्रश्न पडणारे पुष्कळ होते. पुढे ॲपलने 2020 आणि 2021 मध्ये 5.4 इंचांचे मिनी काढून पाहिले आणि 2023 मध्ये तेही विक्रीतून काढून घेतले. थोडक्यात, त्या काळी ज्याला धूड म्हटले त्याच्याहून मोठ्या पडद्याचा फोन आज मी लहान म्हणून विकत आणला आहे, आणि माझ्या अंगठ्याला तो खरोखरच लहान आहे.

मग अप्पांना तो इतका लहान का व्हावा? 6.44 आणि 6.1 यांत अंतर ते केवढे! मघाशी शिवणाच्या डब्यातला टेप काढला आणि दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवून पडदे मोजले. उंची दोन्हींची जवळजवळ सारखीच भरली, चौदा सेंटिमीटरच्या किंचित वर. रुंदी मात्र जुन्याची आठ सेंटिमीटर आणि नव्याची साडेसहा. तेव्हा लक्षात आले की इंचांचा जो आकडा सांगतात तो कर्णाचा असतो, आणि कर्णावरून रुंदीचा पत्ता लागत नाही. जुन्याचा पडदा सोळास नऊ या प्रमाणातला. नव्याचा साडेएकोणीसास नऊ, म्हणजे उंच आणि अरुंद. माझ्या हाताला जो आराम मिळाला तो या दीड सेंटिमीटरमधून मिळाला आहे.

आणि हे दीड सेंटिमीटर अप्पांचे होते.

असे लिहिल्यावर ते फार झाले असे वाटते, पण खोडावेसे वाटत नाही. जुना फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून आडवा ठेवला की त्याच्यासमोर आम्ही दोघे बसू शकत होतो, दोघांनाही मान वाकडी करावी लागत नसे, आणि ताईच्या बाजूलाही आमचे दोन्ही चेहरे पूर्ण दिसत. सकाळी वर्तमानपत्राची ई-आवृत्तीही तशीच वाचायची. एकाच ताटात दोघांनी जेवावे तसे ते वाचन असे. मी माझी बाजू वाचायची, त्यांनी त्यांची, आणि मधल्या चौकटीतली बातमी ज्याचे आधी लक्ष जाईल त्याने मोठ्याने वाचायची. त्यांच्या उजव्या डोळ्याचे तसे झाल्यापासून अक्षर मोठे करावे लागायचे, पण आठ सेंटिमीटरमध्ये मोठे केलेले अक्षरही मावत असे. नव्या फोनवर परवा मी तेवढेच अक्षर केले तर 'अर्थसंकल्पाच्या' हा एकच शब्द जवळजवळ सगळी ओळ अडवून बसला आणि पुढचा शब्द खाली गेला. वाक्य एका नजरेत येईना. अप्पांनी दोन ओळी वाचल्या आणि फोन माझ्या हातात देत म्हणाले, "राहू दे, तू सांग काय आहे ते." म्हणजे आजचे वाक्य आज पहिल्यांदा आले असे नाही. परवाही ते हेच म्हणाले होते, आणि मी कामाच्या घाईत ते ऐकून सोडून दिले.

रेडिओचेही तेच. जुन्या फोनला साधी पिन लावायचे भोक होते, आणि इअरफोनची वायर हीच एफएमची अँटेना असल्यामुळे अप्पांनी ती वायर खिडकीच्या कडीला दोन वेढे देऊन अडकवलेली असे. तशी ती अडकवली की 101 वर विविध भारती खणखणीत लागायची आणि वायर जरा सैल झाली की खरखर सुरू व्हायची. कडीच्या त्या जागेवरचा रंग वायरीने घासून गेला आहे. नव्या फोनला ते भोकही नाही आणि एफएमही नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने फोन बनवणाऱ्यांना एफएमची सोय बंद ठेवू नका, संकटाच्या काळी ती उपयोगी पडते, अशी सूचना केली होती. अप्पांनी ती बातमी मला मोठ्याने वाचून दाखवली होती, अर्थातच जुन्या फोनवर. आता इंटरनेटवरून तेच केंद्र लावून देता येते आणि आवाज स्वच्छ येतो, पण त्यासाठी त्यांना मला हाक मारावी लागते, आणि हाक मारणे त्यांना किती जड जाते हे मी जाणते.

जुन्या फोनमध्ये आईच्या आवाजाच्या काही फायलीही आहेत. त्या कुठे हलवायच्या ते आज ठरवत नाही.

लिहिता लिहिता मला स्वतःचीच कीव येऊ लागली होती, तेही लिहून टाकते. या घरात फडताळापासून फॅनच्या बटणापर्यंत प्रत्येक गोष्ट कोणाच्या तरी सवयीने, कोणाच्या तरी उंचीने ठरलेली आहे. कितीतरी वर्षांत मी एक वस्तू माझ्या हाताचे माप पाहून घेतली, तीही हात दुखून दुखून नाइलाज झाल्यावर, तर तिच्यातही कोणाची तरी जागा कमी झाली. दादाला हे सांगितले तर तो म्हणेल की मग त्यांना एक टॅबलेट घेऊन दे, आणि त्याचे बोलणे तिथे संपेल. माझा अंगठा रात्री ठणकायचा तेव्हा मी कोणाला उठवले नव्हते. आज मात्र चार शब्दांनी माझी झोप गेली आहे, आणि ज्यांनी ते उच्चारले ते आत शांत झोपले आहेत.

पण ते खरेच कशाला मुकले, की मुकले आहे ती मी? अप्पांना ताई दिसली नाही, हे खरे. तरी कॉल संपल्यावर खुर्ची जागेवर ठेवताना ते म्हणाले होते, "तिचा घसा बसलाय. बरं नाहीये तिला, सांगत नाही." मी अर्धा तास तिचा चेहरा पाहत होते. तिच्या मागचा खिडकीचा नवा पडदा पाहिला, तिने केस कापले ते पाहिले, लंडनमध्ये दुपारीच किती अंधारून आले आहे तेही पाहिले, आणि घसा बसल्याचे माझ्या ध्यानात आले नाही. अप्पा ऐकतो म्हणाले आणि त्यांनी खरोखरच ऐकले. त्या वाक्यात मी संध्याकाळपासून जेवढे दुःख भरले आहे तेवढे त्यात होतेच असे नाही. त्यांना दिसत नव्हते, म्हणून त्यांनी जमते ते काम स्वतःकडे घेतले आणि दिसायचे काम मला दिले. वय वाढते तशी माणसे अशा वाटण्या करत जातात. आईच्या शेवटच्या दिवसांतही त्यांनी अशीच काही कामे न बोलता माझ्याकडे दिली होती, पण तो विषय वेगळा आहे.

असे असले तरी सकाळचे ते वाचन मला हवे आहे. त्यांच्यासाठी हवे आहे असे म्हणणे सोपे आहे, पण खरे कारण असे की बातमी मी वाचून सांगितली की ते "हं" म्हणतात, आणि दोघे मिळून वाचले की ते वाद घालतात. मला त्यांचा तो वाद हवा आहे, आणि खांद्याशी येणारा त्यांच्या तपकिरीचा वास हवा आहे. संध्याकाळपासून जे खुपत होते ते बहुधा हेच. ते मागे सरकले तेव्हा माझ्या शेजारची जागा रिकामी झाली, आणि त्या रिकामपणाला मी त्यांचे दुःख समजून बसले.

मोजून झाल्यावर जुना फोन पुन्हा चालू केला. टेबलावर पाठीवर ठेवून तो डुगडुगत नाही ना, म्हणजे बॅटरी फुगलेली नाही ना, ते आधी पाहिले. पाठ सपाट आहे. तो अँड्रॉइड 7 वर थांबलेला असल्यामुळे बँकेचे काम त्यावर आता करायचे नाही, सिमही घालायचे नाही. पण घरातले वायफाय त्याला मिळते, ई-आवृत्ती उघडते, आणि व्हॉट्सॲपने 2023 पासून एकच खाते दुसऱ्या फोनलाही जोडायची सोय केली आहे, तीही करून झाली. नव्या फोनने जुन्याच्या पडद्यावरची क्यूआर कोडची चौकट टिपली आणि थोड्या वेळात ताईचे निरोप दोन्हींकडे दिसू लागले. तो फोन अप्पांच्या टेबलावर खिडकीजवळ राहील. हातात धरायचा नसल्यामुळे त्याच्या 211 ग्रॅमचा माझ्या अंगठ्याला त्रास नाही. बाहेर जाताना नवा माझ्याबरोबर येईल, आणि त्याच्याबद्दल मला आता कोणाला काही समजावून सांगावेसे वाटत नाही.

ताईला उद्या सकाळी आधी घशाचे विचारायचे आहे. रविवारचा कॉल जुन्या फोनवर घेणार आहोत, हेही सांगून ठेवले पाहिजे, कारण त्याचा पुढचा कॅमेरा पाचच मेगापिक्सेलचा आहे आणि संध्याकाळच्या उजेडात आम्ही दोघे तिला थोडे धूसर दिसू. नाहीतर ती घाबरून विचारत बसेल की अप्पांची तब्येत बरी आहे ना.