अण्णांचा जादा टायमर

उन्हाळ्यात आमच्या कुपवाड एमआयडीसीतल्या गाळ्यात एक जुनं पॅनल, म्हणजे पंपाची मोटर चालू-बंद करणारी वीजपेटी, दुरुस्तीला आलं. कृष्णाकाठच्या एका उपसा सिंचन संस्थेचं. 75 एचपीचा पंप, स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी कमी जोराच्या स्टार जोडणीत सुरू करून मग पूर्ण जोराच्या डेल्टात नेणारा), आणि आतल्या पाटीवर 1989. म्हणजे हा धंदा सुरू करणाऱ्या आमच्या अण्णांच्या हातचं. संस्थेला जुने रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) काढून पीएलसी, म्हणजे त्यांचं काम प्रोग्रामने करणारा छोटा संगणक, हवा होता.

दार उघडलं आणि मी बघतच राहिलो. वायरिंगला पट्ट्या नाहीत, सगळे गठ्ठे मेणाच्या दोऱ्याने बांधलेले. कोपऱ्यावरचं प्रत्येक वळण एकसारखं. वायरच्या दोन्ही टोकांना फेरूल, म्हणजे नंबरची छोटी नळी, एकही नंबर गळलेला नाही. ड्रॉइंग उंदरांनी खाल्लं होतं, पण फेरूल धरून मी अख्खं सर्किट कागदावर उतरवलं. आज दर पाडून घेतलेल्या पॅनलमध्ये दोन वर्षांत कुठली वायर कुठे जाते ते कळत नाही. रेट कमी करायचा म्हटलं की पहिली कात्री इथेच लागते.

सर्किट उतरवताना एक टायमर जादा निघाला. स्टार-डेल्टाचा वेगळा होता, आठ सेकंदांचा. हा दोन मिनिटांवर लावलेला, आणि लाइट आल्यावर तेवढा वेळ स्टार्टच अडवून धरणारा. संस्थेच्या सल्लागाराने पाठवलेल्या कागदांत त्याचा उल्लेख नव्हता. आमचा नवा इंजिनीअर म्हणाला, "सर, स्पेकमध्ये नाही, मग कशाला घ्यायचा?" अण्णा आता नाहीत, विचारणार कोणाला?

मी नदीवर गेलो. दुसरा पंप अजून जुन्याच पॅनलवर चालू होता. नेहमीप्रमाणे मधेच लाइट गेली. मोटर मंदावली, थांबली, आणि मग उलटी फिरायला लागली. वर चढलेल्या लाइनमधलं पाणी खाली येत होतं, एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, धरत नव्हती. कपलिंग चांगलं मिनिटभर उलटं गरगरत राहिलं.

अशा वेळी लाइट आली आणि कोणी स्टार्ट दाबलं तर? स्टारमध्ये मोटरला डेल्टाच्या एक तृतीयांशच टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, मिळतो. तेवढ्याच जोरावर आधी उलटा फेरा थांबवायचा, मग सुलटा वेग घ्यायचा. आठ सेकंदांत ते होत नाही, वेग येण्याआधीच डेल्टा पडतो आणि करंट उसळतो. कॉन्टॅक्टर (मोटरचे मोठे स्विच) चिकटतात, शाफ्टला पीळ पडतो. अण्णांनी दोन मिनिटं ठेवली होती ती एवढ्यासाठी.

शेतकऱ्यांच्या मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करता करता त्यांनी हा धंदा उभा केला. मग उपसा संस्था आल्या, साखर कारखाने आले, कपॅसिटरची पॅनलं आली. पॅनल बांधायच्या आधी ते दिवसभर पंपहाऊसवर जाऊन बसायचे, असं जुने वायरमन तात्या सांगतात. आता ऑर्डर ईमेलवर येते, आणि जागा बघायला जायचं भाडं कोणीच मंजूर करत नाही. टायमर का ठेवला, हे मात्र अण्णांनीही कुठे लिहून ठेवलं नाही. आमच्या धंद्यात ही खोड जुनी आहे आणि मला तिचा राग येतो.

पीएलसीत ती दोन मिनिटं मी घातली. खर्च शून्य. पण संस्थेचे सेक्रेटरी अडून बसले: "साहेब, शेतीला आठ तास लाइट, त्यात दहा वेळा जाती. दर टायमाला दोन मिनिटं घालवली तर टेलच्या माणसाला पाणी कधी पोचायचं?" त्यांचंही खोटं नव्हतं, कालव्याच्या शेवटाला ऊस वाळत होता. आमच्या धाकट्या मालकांनी टायमर टाळायचा बायपास द्यायचं कबूल केलं, कारण बिल अडकलं होतं. मी साधा स्विच न देता किल्लीचा दिला आणि ड्रॉइंगवर कारण ठळक लिहिलं.

परवा ऑपरेटरचा फोन आला होता. किल्ली स्विचलाच लावून ठेवलीय म्हणाला, एनआरव्ही अजून बदललेला नाही. बायपास बंद करा असं पत्र मालकांच्या सहीने पाठवलं आहे. उत्तर आलेलं नाही, आणि पुढच्या आठवड्यात त्यांचं दुसरं पॅनल आमच्याकडे यायचं आहे.