खानापूर ते मिरज, बारा फेऱ्या: मुलीचा पाय साडेचार सेंटिमीटर वाढवताना

ऑक्टोबर ते एप्रिल या सात महिन्यांत आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरहून मिरजेला बारा वेळा गेलो. दोनदा गाडी करून, बाकी रेल्वेनं. मुलगी नववीत, डाव्या पायाला गुडघ्याखाली रिंग, म्हणजे आखूड पाय लांबवायला बाहेरून बसवलेला सांगाडा. सुरुवातीला मला कुणी एवढंच सांगितलं असतं तरी पुष्कळ झालं असतं, की ऑपरेशन एका दिवसाचं असतं आणि पाय वाढवणं सहा-सात महिन्यांचं. पैसे वाचवायचे तर ऑपरेशन कुठं स्वस्त होतं हे नंतर बघा, आधी हे बघा की बारा वेळा कुठं जाऊन येणं जमेल.

ती दीड वर्षाची असताना गुडघ्याजवळच्या हाडात पू झाला होता. ताप उतरला, जखम भरली, आम्ही विसरलो. पण हाड जिथून वाढतं नेमकी तिथंच इजा झाली होती. सहावीत ती लंगडायला लागली तेव्हा बेळगावला खडेबाजारात बुटाला उंच सोल लावून घेतला आणि वर्षावर्षाला तो आणखी उंच करत गेलो. तिथंच आम्ही चुकलो. दोन्ही पायांच्या लांबीत फरक दोन सेंटिमीटरपर्यंत असेल तर सोलवर भागतं. त्याहून जास्त असेल आणि पोर अजून वाढीचं असेल, तर चांगल्या पायाची वाढ गुडघ्याजवळ थांबवून दोन्ही पाय जुळवता येतात. ते छोटं ऑपरेशन, खर्चही थोडा. मात्र मुलींची वाढ साधारण चौदाव्या वर्षी संपते, मुलग्यांची सोळाच्या सुमारास. आम्ही मोठ्या डॉक्टरांपुढे बसलो तेव्हा ती चौदाची झाली होती आणि फरक साडेचार सेंटिमीटर. ‘दोन-तीन वर्षं आधी यायला हवं होतं,’ ते म्हणाले. तुमच्या घरात असं लहान मूल असेल तर हा मजकूर पुढं वाचण्याआधी त्याच्या दोन्ही पायांचा उभं करून एक्स-रे काढून घ्या.

आधी एका मोठ्या शहरात विचारलं. हाडाच्या आत बसणारा आणि बाहेरून चुंबकानं वाढवायचा खिळा असतो, त्याचा अंदाज नऊ लाखांच्या पुढे गेला. बाहेरून रिंग लावली तर साडेतीन लाख. फोनवर बोलणाऱ्या माणसानं ‘सगळं पॅकेजमध्ये’ असं सांगितलं. पत्नीनं विचारलं, रिंग काढायचे पैसे यात आहेत का? नव्हते. एक्स-रे नव्हते, ड्रेसिंग नव्हतं, मध्येच पुन्हा भूल देऊन रिंग हाडाला धरणारी तार बदलावी लागली तर तेही नव्हतं. कुठंही जा, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.

मिरज निवडलं ते दोन कारणांनी. एक, अशा रिंगा वर्षानुवर्षं लावणारे सर्जन तिथं भेटले आणि त्यांनी आपल्या जुन्या पेशंटशी आमची गाठ घालून दिली. दुसरं, खानापूरहून बेळगाव, घटप्रभा, रायबाग, कुडची करत रेल्वेगाडी सरळ मिरजेत जाते. सकाळी निघून रात्री घरी. लॉजचं भाडं नाही, दुसऱ्या दिवसाची रजा नाही. बोलीचाही प्रश्न येत नाही. वॉर्डात अथणी, रायबाग, जमखंडीचे पेशंट होते. सिस्टर एका खाटेशी कन्नड बोलत आणि पुढच्या खाटेशी मराठी.

मी बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात लेथवर काम करतो, त्यामुळे रिंग बघितल्याबरोबर मला ती कळली. सायबेरियातल्या कुर्गान गावी इलिझारोव नावाच्या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात ही पद्धत बसवली. हाड अलगद कापायचं, वर आणि खाली हाडातून आरपार ताणलेल्या तारांनी रिंगा पकडायच्या, आणि रिंगांमध्ये आट्याच्या दांड्या. दांडी सहा मिलिमीटरची, आट्याची पिच एक मिलिमीटर. म्हणजे नटाचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर. दहा नंबरचा पाना लागतो, तोच जो माझ्या पेटीत आहे. ऑपरेशननंतर सात दिवस काहीच करायचं नाही. मग सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी पाव-पाव फेरा. दिवसाला एक मिलिमीटर. फटीत नवं हाड धरत जातं. घाई केली तर हाड पातळ येतं किंवा येतच नाही. आळस केला तर आधीच जुळून बसतं आणि पुन्हा कापावं लागतं. मी वहीत चार रकाने आखले आणि प्रत्येक फेऱ्याला खूण केली. पंचेचाळीस दिवसांत एकही खूण चुकली नाही, याचा मला अजून आनंद आहे.

तेवढ्यावर मात्र संपत नाही. लांबलेलं हाड घट्ट व्हायला लांबवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. एका सेंटिमीटरला रिंग एक ते दीड महिना पायात राहते असा हिशेब धरा. आमची साडेसहा महिने राहिली.

या काळातला खरा शत्रू म्हणजे पोटरी. हाड लांबतं, पण स्नायू तेवढा सैल होत नाही, आणि पाऊल खाली झुकायला लागतं. त्यासाठी रोज व्यायाम. फिजिओथेरपिस्ट खानापुरातच शोधला, सत्तर वेळा बोलावला. यात काटकसर करू नका. वॉर्डात एक पोरगा होता. त्याचं हाड छान आलं होतं, पण टाच जमिनीला टेकत नव्हती, त्यामुळे दुसरं ऑपरेशन ठरलं होतं.

दुसरी गोष्ट तारांच्या तोंडाची, म्हणजे तार कातडीत शिरते त्या जागेची. तिसऱ्या आठवड्यात एका तारेजवळ लाल झालं, रात्री अकराला ताप १०२. जवळच्या एका दवाखान्यात गेलो तर म्हणाले, जिथं ऑपरेशन केलं तिथं जा. रात्री आम्ही कुठं जाणार? मिरजेच्या डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला, त्यांनी औषध सांगितलं, सकाळच्या गाडीनं गेलो. म्हणून सांगतो, ऑपरेशनच्या आधीच आपल्या गावाजवळ एक हाडांचे डॉक्टर ठरवून ठेवा, त्यांना कागद दाखवा आणि ‘तार लाल झाली तर बघाल ना?’ असं स्पष्ट विचारा.

प्रवासाबद्दल. घरी येताना पहिल्यांदा गाडीच करा, मागच्या सीटवर पाय लांब ठेवता येतो. नंतर रेल्वेत खालचा बर्थ राखून घ्या, जनरल डब्यात रिंगेला कुणाचा तरी धक्का लागतोच. बसच्या पायऱ्या टाळा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल आणि सोबतीशिवाय प्रवास शक्य नसेल, तर स्लीपरला पेशंट आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्याचं रेल्वेचं कार्ड आधी काढावं लागतं. शक्ती योजनेत बायका-मुलींना कर्नाटकाच्या हद्दीत साध्या बसला तिकीट नाही, तेव्हा बेळगावच्या कामांना पत्नी बसनंच जायची. पत्नीनं सलवारीची एक बाजू उसवून वेल्क्रो लावला. घरात कमोडची खुर्ची आधी आणून ठेवा. आणि मुहूर्त पाऊस संपल्यावरचा धरा. खानापूरच्या जून-जुलैत चिखलातून रिंग घेऊन चालणं आणि तारा कोरड्या ठेवणं दोन्ही कठीण.

आमचा हिशेब असा झाला. ऑपरेशन आणि रिंग १,३५,०००. रिंग काढणं १५,०००. फिजिओ २१,०००. एक्स-रे ७,२००. प्रवास १४,०००. ड्रेसिंग आणि औषधं ९,०००. कमोडची खुर्ची आणि वॉकर ४,०००. एकूण २,०५,२००. म्हणजे ऑपरेशनच्या बिलाबाहेर सत्तर हजार गेले, आणि तेही रोज घरी झोपून. हेच पाचशे किलोमीटरवर केलं असतं तर ऑपरेशन फुकट होऊनही मला परवडलं नसतं असं वाटतं.

योजनेत आमची चूक झाली. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकात दारिद्र्यरेषेखालच्या (बीपीएल) कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार आहेत. रेषेवरच्या (एपीएल) कुटुंबाला पॅकेजच्या ३० टक्के, दीड लाखांपर्यंत. त्यासाठी आधी सरकारी दवाखान्यात जाऊन तिथली चिठ्ठी घ्यावी लागते. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू केली आहे, आणि त्यावरून दोन राज्यांत वादही झाला. मी दोन्हींची चौकशी दाखल झाल्यावर केली, आणि मंजुरी आधी लागते. तुम्ही दाखल होण्यापूर्वी दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. आपलं गाव यादीत आहे का, कुठलं रेशनकार्ड चालतं आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का, हे तिन्ही विचारा. आमचं रेशनकार्ड कन्नडात. कार्डाची आणि दाखल्याची मराठी प्रत करून न्या.

निपाणीचा एक गडी शेजारच्या खाटेवर होता, मोडलेलं हाड जुळत नव्हतं म्हणून रिंग. डॉक्टरांनी त्याला तंबाखू सोडायलाच लावली, कारण तंबाखूनं हाड धरायला उशीर लागतो. आणि ओपीडीत एक पोरगा भेटला. सैन्यभरतीत उंची कमी पडते म्हणून दोन्ही पाय वाढवून हवे होते. बेळगाव मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, पोरांची तळमळ मला कळते. डॉक्टरांनी त्याला तासभर बसवून हे सात महिने समजावले आणि नाही म्हणून सांगितलं. मलाही तेच बरोबर वाटलं. धडधाकट पायांना कापून कर्ज काढू नका, पोरांनो.

एप्रिलच्या शेवटी रिंग निघाली, मग चार आठवडे प्लास्टर. आता फरक तीन मिलिमीटर आहे. पुढची तपासणी जुलैत. पावसात गाड्या भरून जातात, म्हणून सकाळच्या गाडीचे दोन खालचे बर्थ आताच काढून ठेवलेत.