भाकरीचं बळ

एप्रिलच्या दुपारी सोलापुरात सगळंच बसतं. कुत्री गटाराच्या ओलीत बसतात, रिक्षावाले मागच्या सीटवर पाय वर करून पडतात. पण ताट दिसूनही कोंबडा बसून राहिला, तेव्हा मी चष्मा लावून बघितलं. एरवी भांड्याचा आवाज झाला की तीरासारखं येणारं हे ध्यान ढोपरांवर बसून नुसती मान लांब करत होतं. उठायला गेलं की पंख फरशीला टेकायचं, जरासं सरकायचं आणि पुन्हा खाली. सकाळी तर मोरीच्या कठड्यावर चढून माझ्याकडे तिरकं बघत होतं.

हा गडी जानेवारीतला. गड्ड्याच्या जत्रेतून येताना पुतण्याने हट्ट करून घेतलेलं गुलाबी पिलू. अंड्यांच्या जातीत नर कुणाला नको असतो. उबवणी केंद्रातून ती पिलं बाहेर पडतात, रंगात बुचकळली जातात आणि जत्रेच्या तोंडाशी टोपलीत चिवचिवत बसतात. गुलाबी, हिरवी, पोपटी. बहुतेक आठवडाभरात जातात, खोक्यासकट पुरली जातात आणि पोरं पुढच्या वर्षी नव्याने हट्ट करतात. हे मात्र राहिलं. पिसं आली तसा गुलाबी रंग उतरला आणि आतून उंच, किडकिडीत, पांढराशुभ्र कोंबडा निघाला. तोवर पिंकी हे नाव ठेवून झालं होतं. तुरा फुटल्यावर त्याचं पिंक्या झालं.

सोलापुरात कोंबडी लंगडली की पहिल्यांदा दोरा बघायचा. इतर गावांत काय बघतात देव जाणे. इथे घरोघरी माग, टॉवेल, चादरी. गल्लीत सुताचे गुंते पडलेले, आणि कोंबडी उकरायला गेली की बोटांत अडकणार. माझे आजोबा मिलमध्ये होते, त्यामुळे आजीच्या अंगणात सूत उन्हापावसासारखंच असायचं. ती कोंबडी उलटी करून काखेत दाबायची, पाय वर, आणि नखाने एकेक खवला चाचपायची. दोरा वरून दिसतच नाही. दिसतं ते सुजलेलं, काळंनिळं बोट. दोरा मधल्या खाचेत कातडीत रुतलेला. माझं काम बॅटरी धरायचं. सुईच्या टोकाने ती एक वेढा उचलायची, मग दुसरा, आणि वीतभर सूत बाहेर यायचं. कोंबडी खाली सोडली तरी घटकाभर लंगडतच चालायची. आजी म्हणायची, "नाटक बघ रांडेचं." सुटल्यावरही पायाला आधी पटत नसावं.

तर पिंक्याला उचलून मी खाली अक्कांकडे गेले. अक्का विड्या वळतात. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं, तंबाखूचा ढीग, बोटाला दोरा. दोऱ्याच्या बाबतीत त्यांच्या नजरेवर माझा चष्म्यापेक्षा जास्त भरवसा. त्यांनी हातातली विडी बांधून पुरी केली, मगच कोंबडा घेतला. बोटं ताणून बघितली. "दोरा न्हाई वैनी. बोटं आत वळलेत बघा." खरंच, डाव्या पायाची बोटं मुठीसारखी मिटलेली. सरळ केली की पुन्हा मिटत होती.

एव्हाना जिन्यात चारजण जमले होते. पाय म्हटला की प्रत्येकाकडे औषध असतं. कुणी हळद-तेल सांगितलं, कुणी शेक, कुणी दृष्ट काढायला सांगितली. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "सूप करा, तुमचे पाय बरे होतील." पुतण्या त्यांच्याशी अजून बोलत नाही.

अक्का कोंबडा परत द्यायला उठल्या. उठल्या म्हणजे, आधी सूप बाजूला, मग एक हात भिंतीला, मग गुडघा धरून अर्ध्यात थांबल्या. मी म्हटलं, जनावरांच्या दवाखान्यात चाललेच आहे, येताना तुमच्या गुडघ्यांचंही विचारते कुणाला तरी. "माझं पाय बसायलाच हायेत," त्या म्हणाल्या. "त्याला पळायचंय." मुलगी असल्यापासून मांडी घालून बसलेली बाई. मी काहीच बोलले नाही, कोंबडा घेतला आणि निघाले.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्याला टेबलावर ठेवलं आणि हात काढून घेतला, कसा बसतो ते बघायला. एक पाय पुढे आणि एक मागे असा फाकून पडला तर मॅरेक, असं त्यांनी समजावलं. हंगेरीच्या योझेफ मॅरेक या पशुवैद्याने १९०७ मध्ये कोंबड्यांतला हा लकवा नोंदवला, म्हणून त्याचं नाव. विषाणूचा आजार, पिसांच्या कोंड्यातून पसरतो आणि एकदा जडला की औषध नाही; लस द्यायची ती पिलू एक दिवसाचं असताना. आता गुलाबी रंगात बुचकळायच्या पिलाला कोण टोचतंय? पण पिंक्या फाकला नाही, दोन्ही ढोपरांवर बसला, बोटं आत. "ब-२ जीवनसत्त्व कमी पडलं असेल," डॉक्टर म्हणाले. "काय खातो?"

"ज्वारी," मी जरा मान वर करूनच सांगितलं. "आणि भाकरीचा चुरा."

त्या ऐटीचं कारण आजी. ती मंगळवेढ्याकडची, ज्वारीच्या काळ्या रानातली. भात तिच्या लेखी आजाऱ्याचं नाहीतर लग्नाच्या पंगतीचं जेवण. भात खाणाऱ्यांचे पाय लटपटतात, भाकरीने पायात बळ येतं, हे तिचं मत अपील नसलेलं होतं. पुढे कधीतरी बटाव्हियाच्या कोंबड्यांची गोष्ट वाचली तेव्हा मी हरखलेच. बटाव्हिया म्हणजे आजचं जकार्ता. तिथे ख्रिस्तियान आइकमान हा डच डॉक्टर १८९० च्या सुमारास बेरीबेरी या पाय लुळे पाडणाऱ्या आजाराचं कारण शोधत होता. त्याच्या कोंबड्यांचे पाय लटपटायला लागले, त्या आडव्या पडल्या, आणि काही महिन्यांनी आपोआप उठून फिरायला लागल्या. शोध घेतला तर मधल्या काळात त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला पांढरा, कोंडा काढलेल्या तांदळाचा भात मिळत होता. नवा आचारी आला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला तो तयार होईना, आणि कोंबड्या पुन्हा कोंड्याच्या तांदळावर आल्या. त्या कोंड्यातलं ते ब-१. आइकमानला त्यासाठी १९२९ चं नोबेल विभागून मिळालं. आचाऱ्याचं नावसुद्धा कुणी सांगत नाही. मला मात्र आइकमानपेक्षा आजीच जिंकल्यासारखी वाटली होती.

"नुसती ज्वारी?" डॉक्टर म्हणाले. "धान्यात ब-२ कमीच असतं. ज्वारी काय, तांदूळ काय. ताक पाजा. शेवग्याचा पाला बारीक करून द्या." आणि थेंबांची बाटली लिहून दिली. मला त्यांचा थोडा रागच आला. बरोबर बोलत होते, पण मंगळवेढ्याच्या ज्वारीला तांदळाच्या ओळीत बसवायचं म्हणजे काय?

घरी आल्यावर खोका. खाली कागद घालायचा नाही, पाय घसरतात आणि आणखी फाकतात, पोतं घालायचं. पाणी उथळ वाटीत, बसल्या जागी चोच पोचेल असं. अक्कांच्या कोंबड्यांपासून लांब ठेवायचा, कारण पडलेल्याला त्या सोडत नाहीत. खाली होता तेवढ्यात एकीने त्याच्या तुऱ्यातून रक्त काढलं होतं. ताक त्याला आवडलं. चोच बुडवून, मान वर करून, डोळे मिटून प्यायचा. थेंब मात्र माझ्या बोटांना पिवळेधमक करून अर्धे बाहेर यायचे. पाल्याला त्याने तोंड लावलं नाही. भाकरीच्या चुऱ्यात लपवला तर चुरा निवडून खाल्ला आणि पाला ठेवला.

आता तो उभा राहतो. डावं बोट एक वाकडंच राहिलंय, पळताना किंचित गिरकी घेतो. थेंबांनी झालं, ताकाने झालं की आपोआप, ते त्यालाही माहीत नसेल. परवा पहाटे घशातून काहीतरी खरखरीत आवाज काढला. आरवणं म्हणायचं तर म्हणता येईल. वरचे काका जिन्यात म्हणाले, मोठा झाला की हा सगळ्या गल्लीला चारला उठवणार, पुढे काय करणार याचं? मी हसले. पुतण्या आत गेला. नवऱ्याने पेपर उलटला.

या रविवारी नवऱ्याने चिकन न आणता मटण आणलं, किलोला ७०० रुपयांच्या वर गेलेलं. कुणी काही विचारलं नाही. रस्सा छान झाला होता.