बाबांची शाळा

आज बाबांना घेऊन रमणबागेत, त्यांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गेलो होतो. गेटपाशीच त्यांनी चालण्याचा वेग कमी केला. मग एका वर्गाच्या दारात थांबून चौकटीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "खिडकीजवळचा तिसरा बाक. आम्ही तिघं बसायचो." तेव्हा नुसती पोरं असलेली शाळा, नुसता दंगा!

घरी येताना न्यू इंग्लिश स्कूलच्या सुरुवातीबद्दल बोलत राहिलो. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशींनी पुण्यात ही शाळा काढली. चिपळूणकरांनी त्यासाठी सरकारी नोकरी सोडली होती. वामन शिवराम आपटेही लवकरच आले. मला सगळ्यात जास्त भिडतात ते आगरकर. घरची एवढी गरिबी, तरी एम.ए. होऊन मोठ्या पगाराकडे पाठ फिरवली आणि आईला पत्राने तसं कळवलं. त्या माउलीने ते कसं वाचलं, ऐकलं असेल? १८८२ मध्ये चिपळूणकर गेले, तेव्हा बत्तिशीसुद्धा गाठली नव्हती. शाळा थांबली नाही. पुढे १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ मध्ये फर्ग्युसन.

रिक्षात बाबा म्हणाले, "पुढच्या वेळी रव्याला पण घेऊ." रव्या म्हणजे त्या बाकावरचे दुसरे काका. रात्रीच त्यांना फोन लावून दिला. अजून बोलतायत दोघं.