तुम्ही विचारलंत म्हणून: झालं का पाणी भरून?

तुम्ही हसत विचारता, म्हणून आजवर मीही हसत उत्तर दिलं. ‘झालं बाई, दोन्ही पिंपं काठोकाठ.’ पण मागच्या महिन्यात जावेच्या नातीच्या साखरपुड्यात पंगतीत वाढणाऱ्या पोरानंही विचारलं, ‘आजी, झालं का पाणी भरून?’ पोरगं असेल सतरा-अठरा वर्षांचं. मूळ गोष्ट काय, ते त्याला माहीत असायचं कारण नाही. घरात चालत आलेला विनोद त्यानं मठ्ठ्याबरोबर मलाही वाढला. तेव्हा आता एकदा लिहूनच टाकते.

सोलापुरात राहणाऱ्यांना पाण्याचं सांगायची गरज नाही आणि पुण्यात राहणाऱ्यांना सांगून उपयोग नाही. मधले जे आहेत, अक्कलकोटचे, बार्शीचे, सोलापुरातच पण अपार्टमेंटात बोअर असलेले, ते म्हणतात, ‘आता मोटार आहे, गच्चीवर टाकी आहे, सून हाताशी आहे. तरी पाण्याच्या दिवशी तुम्ही उंबरा ओलांडत नाही. मुक्कामाला म्हणून कुठं येत नाही. फोन उचलत नाही.’

फोनचं आधी सांगते. फोन मी उचलते, पण त्या दिवशी तो आमच्या गल्लीतल्या बायकांसाठी मोकळा ठेवावा लागतो. पाणी सोडणारा चावीवाला वरच्या अंगाला दिसला की पहिला फोन कोपऱ्यावरच्या घरातून येतो, त्यानंतर वीस मिनिटांनी पाणी. तेवढ्यात तुमचा फोन आला आणि तुम्ही डोहाळजेवणाच्या साडीचा रंग विचारत बसलात, तर माझी वीस मिनिटं जातात.

मोटारीचंही तसंच. मोटार पाणी ओढते, आणत नाही. गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की आमच्या टोकाला करंगळीएवढी धार येते. पहिलं पाणी गढूळ, ते बाहेर सोडायचं. मग नळाला पंचा बांधायचा. आधी पिण्याच्या कळशा, मग स्वयंपाकाचं पिंप, मग हौद, शेवटी मोटार लावून टाकी. सून उलटं करते. आल्या आल्या मोटार लावते आणि मोबाईल घेऊन बसते. सगळा गाळ टाकीत. पोरगी गुणाची आहे, पण पाण्याचं तिला कळत नाही, हे मी तिच्या तोंडावरही म्हटलंय.

आमचे हे होते तेव्हा सकाळी पेपर उघडला की मिलच्या देण्याची बातमी आधी आणि उजनी धरणाचा आकडा नंतर. एकूण 117 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, त्यातलं 63 तळाच्या मृत साठ्याचं, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ. उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये, म्हणजे मृत साठ्याच्या खाली गेली की घरात सुतक आल्यागत बसायचे. पण कार्तिकात बहुतेक वर्षी उजनी भरलेली असते हो. काठोकाठ असते. तरी आमच्याकडे चार दिवसांआडच, कधी पाच. धरण भरणं वेगळं आणि नळ वाहणं वेगळं, हे सोलापूरच्या लेकराला शाळेत जायच्या आधी कळतं. आमच्या चार वर्षांच्या नातीला वारांची नावं धड येत नाहीत. ती ‘पाण्याचा दिवस’, ‘पाण्याच्या दुसऱ्या दिवशी’ असं मोजते. 2016 साली देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांत आपलं नाव आलं, तेव्हा ह्यांनी पेढे आणले होते. मी विचारलं, ‘पाणी रोज येणार का?’ म्हणाले, ‘तू पेढा खा.’

दिवाळीनंतरचे हे दिवस तर माझ्या कामाचे. सकाळी अंगावर घ्यावं वाटतं, दुपारी ऊन टाळूला लागतं. नवीन शेंगा आलेल्या असतात. त्या भाजायच्या, सालं पाखडायची, लसूण-तिखट घालून तेल सुटेस्तोवर कुटायच्या. मुलाच्या डब्याला, नातवाच्या डब्याला, पुण्याच्या लेकीला एक पुडा. मिक्सरमध्ये होते म्हणता, होवो. त्याचा भुगा होतो, चटणी होत नाही. रात्री नंदीध्वजाच्या सरावाची पोरं गेली की नातू हातात झाडूचा दांडा धरून घरभर मिरवतो, गड्ड्याच्या जत्रेला दोन महिने असताना. आणि ह्याच दिवसांत थंडीच्या आधी चादरी धुवायच्या असतात. वर्षभर पेटीत पडलेल्या, डांबराच्या गोळ्यांचा वास धरलेल्या. सोलापुरी चादर कोरडी असते तेव्हा अंगावर मायेनं बसते. भिजली की दोघींना पिळवत नाही.

चादरींचं मुद्दाम सांगितलं. पुढे लागणार आहे.

तीन वर्षं झाली. माझी थोरली बहीण, अक्का, अंथरुणाला खिळली होती. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी मी अक्कलकोटला जाऊन तिला बघून आले होते. त्रिपुरी पौर्णिमा होऊन दोन दिवस गेले. आमच्याकडे पाण्याचा सहावा दिवस. आदल्या दिवशी यायला हवं होतं, आलं नव्हतं. पिंपात तळाला दोन तांबे. मुलगा पहिल्या पाळीला गेलेला. सव्वासातला भाच्याचा फोन आला. ‘मावशी, आई तुझं नाव घेऊलालीय. येऊन जा.’

मी म्हटलं, ‘पाणी यायचंय रे. भरते नि निघते.’

तो ‘बरं’ म्हणाला. त्यानं जोर केला नाही, हे मी नंतर पुष्कळांना पुष्कळदा सांगितलंय. जोर केला असता तर गेले असते, असं.

आता जे आजवर सांगितलं नाही ते. सून शेजारीच उभी होती. म्हणाली, ‘आई, तुम्ही जा. मी आज सुट्टी टाकते, मी भरते पाणी.’ मी म्हटलं, ‘तुझी सुट्टी कशाला वाया घालवतेस? दुपारपर्यंत जातेच मी.’ ती नऊला कामावर गेली. नातीला शेजारी सोडून गेली, मला निघायला सोपं जावं म्हणून. तुम्ही सगळ्यांनी मला विचारलंत. एकीनंही तिला विचारलं नाहीत, आणि तिनं तीन वर्षांत एकदाही कुणाला हे सांगितलं नाही. भांडणातसुद्धा नाही. मी असते तर सांगितलं असतं.

दहा वाजले, साडेदहा वाजले. मी नळाजवळ पाटावर बसून शेंगा फोडत होते. अकरा चाळीसला नळानं हवा सोडली, खोकल्यासारखी, मग लालसर पाणी, मग पाणी. एक वाजेपर्यंत सगळं भरलं. पिंपं, हौद, टाकी, अगदी पातेली नि नातीचा टपसुद्धा. नळ अजून वाहत होता.

तेव्हा निघता आलं असतं. अक्कलकोट चाळीस किलोमीटर, गाडी मिळाली की तास-सव्वा तास. अडीचला पोचले असते.

मी पेटीतल्या सहा चादरी काढल्या आणि भिजत घातल्या.

का, ते विचारू नका. म्हणजे विचारा, तेच तर विचारताय तीन वर्षं. वाहतं पाणी असं सोडवत नाही, हे एक कारण मी स्वतःला दिलं. ते खरंही आहे. वाहता नळ बघून मला घरात बसवत नाही, काहीतरी धुवावंसं वाटतं. पण पुढचंही खरं आहे. तुळशीच्या लग्नाला गेले होते तेव्हा अक्कानं माझा हात धरून मला ‘अव्वा’ अशी हाक मारली होती. आमची आई जाऊन चाळीस वर्षं झाली. मी ‘ओ’ दिली. मग ती मला आईला सांगावं तशी तक्रार सांगायला लागली: धाकटी काम करत नाही, घागर अर्धीच आणते. धाकटी म्हणजे मी. तासभर मी बसून माझीच गाऱ्हाणी ऐकली आणि ‘हो गं, बोलते तिला’ म्हणत राहिले. परत येताना गाडीत ठरवलं होतं, पुन्हा एवढ्यात यायचं नाही.

मग ती सकाळी नाव घेत होती ते कुणाचं? माझं, की ‘अव्वा’चं? भाच्याला विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

चादरी पायानं तुडवल्या. पाच पिळून गच्चीवर घातल्या. सहावी टबात होती तेव्हा फोन वाजला. तीन वीस. गेली.

वळसंगवरून गाडी गेली तेव्हा दोन्हीकडे ज्वारी गुडघ्याएवढी उभी होती, इतकी हिरवी की राग आला. हाताला साबणाचा वास होता आणि बोटं पाण्यानं सुरकुतलेली. पदराखाली धरून बसले, कुणी बघेल म्हणून.

घरात शिरले तर अक्काला आंघोळ घालायची तयारी चालली होती. मागच्या दारी चुलीवर घंगाळ ठेवलेलं, बायका त्यात पाणी ओतत होत्या. मी जाऊन तिथंच उभी राहिले, आत जायचा धीर होईना म्हणून. भाच्याची बायको आतून आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मावशी, झालं का पाणी भरून?’

मी म्हटलं, ‘झालं.’

बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. तिथून हे सुरू झालं. दहाव्याला कुजबुज, वर्षश्राद्धाला टोमणा आणि आता पंगतीतला विनोद.

पण माझ्या मनात आजही येतं की ती घंगाळाबद्दल विचारत असेल. मी घंगाळाशेजारी उभी होते. सासू गेलेली, डोळे सुजलेले, तिला सकाळच्या फोनमधलं माझं उत्तर माहीत असेलच कशावरून? नवऱ्यानं सांगितलं असेल, नसेलही. तीन वर्षं मी तिच्याशी मोकळेपणानं बोलले नाही, आणि कदाचित ती बिचारी आंघोळीचं पाणी विचारत होती. कदाचित नव्हती.

गेल्या वर्षी आपल्या घरच्या ग्रुपवर मी एक लांबलचक मेसेज टाकला होता, आठवत असेल. 1972 च्या दुष्काळाचं लिहिलं होतं. विहीर आटलेली, अक्का दोरानं खाली उतरायची, झऱ्यात साचेल तसं वाटीवाटीनं बादलीत भरायची आणि मी काठावरून ओढायची. मिलोच्या, म्हणजे परदेशी लाल ज्वारीच्या भाकरी, सुकडी, खडी फोडायला जाणारे अण्णा. शेवटी लिहिलं होतं: ‘पाण्याचं मोल मला अक्कानंच शिकवलं. ती बोलू शकली असती तर म्हणाली असती, आधी पाणी भर, मग ये.’ तुम्ही सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवलीत. दोघींनी रडलो म्हणून लिहिलं.

दुष्काळाचं सगळं खरं होतं. शेवटचं वाक्य माझं आहे, अक्काचं नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडी आपल्याला हवं ते घालता येतं. अक्का तसं म्हणालीच नसती. ती विहिरीतून वर आली की पहिल्या बादलीतलं पाणी आधी मला प्यायला द्यायची, घरी न्यायच्या आधी. अण्णा ओरडायचे. आधी पाणी, मग माणूस, असा तिचा हिशेब कधीच नव्हता. तो माझा आहे, आणि तो कुठून आला ते मला सांगता येत नाही. लग्न होऊन ह्या शहरात आल्यापासून आला असेल.

तरीही, आणि हे वाचून तुम्ही म्हणाल म्हातारी सुधारली नाही, मी त्या दिवशी पाणी भरायला थांबले ते चूक होतं असं मी म्हणणार नाही. दोन तांब्यांवर सहा दिवस घर ठेवून कुणी जाऊन दाखवा. चादरींचं मात्र माझ्याकडे काही उत्तर नाही. सहावी चादर टबात तशीच राहिली होती, तीन दिवसांनी आले तेव्हा कुबट वास सुटला होता. धुऊन घेतली. नातू तीच पांघरतो.

परवा तपासणीवाल्या बाई येऊन गेल्या. डेंग्यू आहे म्हणे, पिंपं रिकामी करा, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. मी म्हटलं, ‘बाई, आम्ही चार पाळतो.’ त्या हसल्या, पण पिंपात बॅटरी मारून बघून गेल्याच.

आता पुढच्या गुरुवारी अक्काची तिथी आहे. कॅलेंडरवर मी पाण्याच्या दिवसाला गोल करते. मोजलं तर गोल गुरुवारीच येतोय. एक दिवस मागेपुढे झालं तर सुटले, पण ते कुणाच्या हातात? भाच्याचा फोन येऊन गेला. ‘येऊलालीस ना मावशी?’ एवढंच म्हणाला. पाण्याचं काही बोलला नाही. त्यानं बोलायला हवं होतं असं वाटलं.

सुनेनं न विचारता सुट्टी टाकलीय. काल तिला पंचा कुठं असतो ते दाखवलं, नळाला कसा गुंडाळायचा तेही. दोनदा करून घेतलं. गाठ सैल मारते.